तीन तारखा आणि एक मांडीचं हाड

त्या पहिल्यांदा आमच्या तपासणीच्या खोलीत आल्या तेव्हा फाइलमध्ये तीन सोनोग्राफी रिपोर्ट होते आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखाही तीन होत्या. पहिली तारीख बाराव्या आठवड्यातल्या तपासणीची. दुसऱ्या रिपोर्टने ती पाच दिवस पुढे नेली होती आणि तिसऱ्याने मूळ तारखेपेक्षा नऊ दिवस पुढे. तिसऱ्या रिपोर्टच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘मांडीचं हाड आखूड, स्केलेटल डिस्प्लेसियाची शक्यता पडताळावी.’ स्केलेटल डिस्प्लेसिया म्हणजे हाडांच्या वाढीचा आजार. ती ओळ उशाशी घेऊन नवरा-बायको चार रात्री जागले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच नवऱ्याने विचारलं, “डॉक्टर, बाळ बुटकं राहणार का?”

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच. पण त्या फाइलमध्ये मला जास्त काळजी वाटली ती वरच्या कोपऱ्यातल्या तारखेच्या रकान्याची. तो रकाना कुणीच नीट वाचला नव्हता. हे प्रकरण प्रातिनिधिक म्हणून मांडते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील जुळवून घेतले आहेत. आकड्यांची साखळी मात्र अशा गर्भारपणात जशी दिसते तशीच ठेवली आहे, कारण सगळी गोष्ट त्या साखळीतच आहे.

पहिले वीस आठवडे

वय २९, पहिलंच गरोदरपण, पाळी नियमित, रक्तदाब ठीक. त्यांची उंची १५२ सेंटीमीटर, नवऱ्याची १६५. बाराव्या आठवड्यातल्या स्कॅनमध्ये गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, जिला आम्ही सीआरएल म्हणतो, ६० मिलिमीटर होती. त्यावरून वय निघतं १२ आठवडे ३ दिवस. शेवटच्या पाळीवरून हिशेब होता १२ आठवडे २ दिवस. एका दिवसाच्या फरकाने दोन्ही हिशेब जुळले होते. याहून भक्कम तारीख मिळत नाही.

सीआरएलवर आपण एवढा भरवसा ठेवतो त्याला कारण आहे. ग्लासगोमध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली या मापावरून गर्भाचं वय काढता येतं हे दाखवलं. पहिल्या तिमाहीत निरोगी गर्भ जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. आईबाप उंच असोत की ठेंगणे, वार चांगली असो की कमजोर, त्याचा परिणाम तेव्हा मापावर फारसा उतरलेला नसतो. म्हणून त्या काळातली चूक पाच ते सात दिवसांच्या आत राहते. विसाव्या आठवड्यात तीच चूक आठवडा-दीड आठवड्यावर जाते आणि शेवटच्या तिमाहीत तीन आठवड्यांपर्यंत. गर्भ जसा मोठा होतो तसा प्रत्येकाचा बांधा वेगळा होत जातो. मग माप पाहून वय सांगणं म्हणजे उंची पाहून शाळकरी मुलाचं वय सांगण्यासारखं होतं.

विसाव्या आठवड्यातला अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांची तपशीलवार तपासणी, दुसऱ्या ठिकाणी झाला. त्या दिवशी खरं वय २० आठवडे ४ दिवस. डोक्याची रुंदी ४८ मिमी, डोक्याचा घेर १७९, पोटाचा घेर १५०, मांडीचं हाड २८. पहिली तीन मापं वयाला साजेशी. चौथं माप साडेअठरा आठवड्यांच्या गर्भाचं. त्या वयाला मांडीचं हाड साधारण ३४ मिमी असतं. सोनोग्राफीचं मशीन या चारही मापांचं वेगवेगळं वय काढतं, त्यांची सरासरी करतं आणि ती ‘सरासरी वय’ म्हणून छापतं. इथे सरासरी निघाली १९ आठवडे ६ दिवस. रिपोर्ट करणाऱ्यांनी प्रसूतीची तारीख तिच्यावरून बेतली आणि खाली लिहिलं, ‘वाढ वयानुसार.’

आता ही ओळ परत वाचा. हाड आखूड भरलं म्हणून गर्भाचं वय कमी धरलं, आणि वय कमी धरल्यावर हाड त्या वयाच्या जवळ आलं. मोजायचं तेच माप वापरून मोजपट्टी आखूड केली. मग तिच्यावर सगळं नॉर्मल येणारच.

मी हे कुणावर ठपका ठेवायला सांगत नाही. दिवसाला तीस-चाळीस स्कॅन करणाऱ्या माणसाला मशीनने छापलेला आकडा हाताशी तयार दिसतो. पण ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता फाइल उघडली की आधी बाराव्या आठवड्याचं पान शोधते, मगच पुढची पानं वाचते.

चौविसाव्या आठवड्याच्या शेवटी, खऱ्या हिशेबाने २४ आठवडे ५ दिवसांना, त्यांनी तिसऱ्या ठिकाणी तपासणी केली. मांडीचं हाड ३८ मिमी. हे बाविसाव्या आठवड्याचं माप. तिथे तारीख आणखी पुढे गेली. मात्र हाड या सरकवलेल्या तारखेलाही आखूडच उरलं, म्हणून ती ठळक ओळ आली.

हाड नीट मोजलं होतं का

चार दिवसांनी त्या आमच्याकडे होत्या. २५ आठवडे २ दिवस. आखूड हाडाचा रिपोर्ट हातात आला की माझा पहिला संशय मापावर असतो. हाड तेवढंच असतं, पण सोनोग्राफी आडवा-तिरका काप दाखवते. काप हाडाच्या अक्षाला सोडून गेला की एक टोक चित्राबाहेर राहतं आणि माप कमी भरतं.

चांगल्या चित्राच्या खुणा ठरलेल्या आहेत. हाड पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग व्यापेल इतकं मोठं करायचं. ध्वनीचा झोत हाडावर ४५ ते ९० अंशांच्या कोनात पडला पाहिजे. हाड जितकं पडद्यावर आडवं, तितकं बरं. दोन्ही टोकं ठसठशीत दिसली पाहिजेत. कॅलिपर, म्हणजे मोजणीच्या खुणा, ठेवायचे ते हाड झालेल्या मधल्या दांड्याच्या टोकांवर. दांड्याच्या टोकाला कधीकधी काट्यासारखी पांढरी रेघ पुढे आलेली दिसते, ती मोजायची नाही. गुडघ्याकडचं हाडाचं वेगळं केंद्र बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यानंतर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसू लागतं, तेही मापात धरायचं नाही. आणि मोजायचं ते आईच्या पोटावर फिरवायच्या प्रोबच्या जवळच्या मांडीचं हाड. लांबच्या मांडीचं हाड पडद्यावर बाकदार दिसतं. ती हाडाची आतली कड असते आणि तिची ती नैसर्गिक वळणं असतात. त्या बाकाला ‘वाकलेलं हाड’ समजून किती घरांत रडारड झाली असेल, सांगता येत नाही.

विसाव्या आठवड्याचं छापील चित्र मी उजेडाकडे धरून पाहिलं. हाड बरंच उभं आलं होतं आणि वरचं टोक धूसर होतं. तिथे एखादा मिलिमीटर कमी भरला असेल. पण सहा मिलिमीटरांचा फरक त्यातून निघत नाही. आम्ही तिघांनी, प्रत्येकाने हात उचलून, प्रोब नव्याने ठेवून मोजलं. ३९, ३९.५, ४०. मधला आकडा घेतला. त्या वयाला अपेक्षित ४६ च्या आसपास. हाड खरंच आखूड होतं.

आखूड म्हणजे कशामुळे

इथे थोडं थांबते, कारण आईवडिलांना नेमकी हीच जागा कुणी उलगडून सांगत नाही.

खऱ्या वयाला आखूड निघालेल्या मांडीच्या हाडाच्या मागे प्रामुख्याने चार वाटा असतात. आईबापाच्या बांध्यावर गेलेलं निरोगी बाळ. हाडांच्या वाढीचाच मूळ आजार. गुणसूत्रांचा दोष. आणि वारेचं काम कमी पडणं. पाचवी वाट चुकीच्या तारखेची, ती आपण बाराव्या आठवड्यातच बंद केली होती.

हाडांच्या आजाराची भीती सर्वांत मोठी, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. एकच हाड पाहून हा आजार ठरत नाही, सगळा सांगाडा पाहावा लागतो. दंडाचं हाड ३७ मिमी. तेही आखूड, पण मांडीच्या प्रमाणात. पोटरी आणि पुढचा हात तसेच. म्हणजे एखादाच भाग खुंटलेला नव्हता, सगळी लांब हाडं एका मापाने मागे होती. एकही हाड वाकलेलं नाही, मोडल्याच्या खुणा नाहीत. हाडामागे सावली काळीभोर पडत होती आणि प्रोब दाबल्यावर कवटी दबत नव्हती. म्हणजे हाडांत कॅल्शियम नीट भरलेलं. छाती अरुंद नाही, कपाळ पुढे आलेलं नाही, नाकाचा पूल बसका नाही. हाताची बोटं बराच वेळ पाहिली. एकॉन्ड्रोप्लेसियात, म्हणजे हातपाय आखूड ठेवणाऱ्या बुटकेपणाच्या आजारात, मधली बोटं एकमेकांपासून फाकून त्रिशूळासारखी दिसतात. या बाळाने आमच्यासमोर मूठ वळली आणि उघडली. बोटं शेजारीशेजारी, नेहमीसारखी.

मग दोन प्रमाणं काढली. मांडीचं हाड आणि पाऊल गर्भात जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात. हाडाला पावलाने भागलं की उत्तर एकाच्या आसपास येतं. हाडांच्या आजारात पाऊल बहुधा नीट वाढतं आणि मांडी मागे पडते, म्हणून उत्तर ०.८७ च्या खाली गेलं की कान टवकारायचे. इथे पाऊल ४३ मिमी होतं, उत्तर ०.९२. म्हणजे पाऊलही लहान होतं. दुसरं प्रमाण मांडीच्या हाडाचं पोटाच्या घेराशी. विसाव्या आठवड्यानंतर ते २० ते २४ टक्क्यांच्या दरम्यान राहतं. ते १६ टक्क्यांच्या खाली जातं तेव्हा छातीही लहान राहून फुफ्फुसं न वाढण्याची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या आजाराची शक्यता मोठी असते. इथे २० टक्के आलं.

एकॉन्ड्रोप्लेसियाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. हा आजार एफजीएफआर३ या जनुकातल्या बदलाने होतो, आणि दहातल्या आठ मुलांमध्ये तो बदल नव्यानेच झालेला असतो. आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. पण त्यात मांडीचं हाड विसाव्या आठवड्यात बहुधा नॉर्मल असतं. चौविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यानंतर ते मागे पडू लागतं आणि फरक दर खेपेला वाढत जातो, तर डोकं मोठं होत जातं आणि पोट वयानुसार राहतं. आमच्या बाळाचं हाड विसाव्या आठवड्यातच सहा मिलिमीटर मागे होतं. चित्र जुळत नव्हतं.

गुणसूत्रांचा प्रश्न राहिला. डाउन सिंड्रोममध्ये मांडीचं हाड आखूड दिसू शकतं, हे खरं. पण बाकी एकही खूण नसताना एकट्या आखूड हाडाने ती शक्यता वाढत नाही. पहिल्या तिमाहीतली त्यांची तपासणी कमी जोखमीची होती. हृदय, चेहरा, आतडी, मूत्रपिंडं सगळं व्यवस्थित. तरी गर्भजलाच्या तपासणीचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला, तिचा थोडा पण शून्य नसलेला धोकाही सांगितला.

६३० ग्रॅम

आतापर्यंत सगळे पाहत होते ते हाडाकडे. मी पोटाचा घेर घेतला तेव्हा तो १९५ मिमी भरला. अपेक्षित होता २०७ च्या आसपास. डोक्याचा घेर २३०, जवळपास वयानुसार. जवळपास पाच आठवड्यांपूर्वी वयाबरोबर चालणारं पोट आता दहा-बारा मिलिमीटर मागे होतं. पोटाचा घेर प्रामुख्याने यकृताच्या पातळीवर मोजतात. बाळाला साखर कमी मिळू लागली की यकृतातला साठा आधी आटतो आणि घेर थांबतो. म्हणून वाढ खुंटण्याची सर्वांत बोलकी खूण पोट ही आहे.

रॉबर्ट हॅडलॉक यांच्या सूत्राने डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांवरून अंदाजे वजन काढलं: ६३० ग्रॅम. या सूत्रातच दहा-पंधरा टक्क्यांची चूक गृहीत असते. तरी मला आईवडिलांना एक गोष्ट दाखवायची होती, म्हणून मी कागदावर तिन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या.

तिसऱ्या रिपोर्टची तारीख धरली तर आज बरोबर २४ आठवडे. ६३० ग्रॅम हे वजन तिसाव्या पर्सेंटाइलच्या पुढे (त्याच वयाच्या शंभर गर्भांपैकी तीसहून जास्त याच्यापेक्षा हलके), म्हणजे काही चिंता नाही. दुसऱ्या रिपोर्टची धरली तर २४ आठवडे ४ दिवस. वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या थोडं वर, ‘लहान पण ठीक’. पहिली, खरी तारीख धरली तर २५ आठवडे २ दिवस; वजन दहाव्याच्या बरंच खाली आणि तिसऱ्याच्या जेमतेम वर.

बाळ तेच, वजन तेच. नऊ दिवस इकडे की तिकडे, एवढ्यावर ते निरोगी ठरत होतं की आजारी.

त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला तर तारीख पुढे गेली तेव्हा बरंच वाटलं होतं. वाटलं, बाळाला अजून वेळ मिळाला.”

यानंतर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी. गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांमध्ये प्रवाहाला अडथळा जास्त होता. हा अडथळा दाखवणारा आकडा, पीआय, सरासरी १.६५, या वयाच्या पंच्याण्णव्या पर्सेंटाइलच्या वर, आणि दोन्हीकडे प्रवाहाच्या आलेखात खाच. निरोगी गरोदरपणात वार रुजते तेव्हा गर्भाशयातल्या बारीक पीळदार धमन्या रुंद, सैल होतात आणि आईचं रक्त वारेत भरभरून येतं. इथे ते रुंदावणं अपुरं राहिलं होतं. नाळेतला प्रवाह वरच्या कडेला, पण अजून मर्यादेत. बाळाच्या मेंदूतला प्रवाह ठीक. गर्भजल पुरेसं.

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेल्या व्याख्येप्रमाणे बत्तीस आठवड्यांच्या आधी पोटाचा घेर किंवा वजन दहाव्याच्या खाली आणि त्यासोबत गर्भाशयाच्या धमन्यांचा पीआय पंच्याण्णव्याच्या वर असेल, तर ती गर्भाची वाढ खुंटण्याची सुरुवात धरायची. व्याख्या पूर्ण होत होती. खऱ्या तारखेला. इतर दोन तारखांना होत नव्हती.

मग मांडीच्या हाडाचं काय? विसाव्या आठवड्यात एकटं हाड आखूड, बाकी सगळं नीट, आणि पुढे बाळ लहान राहणं किंवा आईला प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला वाढत्या रक्तदाबाचा आजार, होणं, हा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पटणारं स्पष्टीकरण असं, की वारेकडून पुरवठा तोकडा पडू लागला की गर्भ रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतो. त्याची झळ आधी पायांना बसते. त्यांच्या बाळाचं ते २८ मिलिमीटरचं हाड पोट मागे पडायच्या कितीतरी आधी हेच सांगत होतं. त्या आठवड्यात गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर झाला असता तर महिनाभर आधी हे हाती आलं असतं. तेव्हाही वार सुधारण्याचं औषध नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अॅस्पिरिनचा उपयोग सोळाव्या आठवड्याच्या आधी सुरू केलं तर होतो. पण रक्तदाब मोजला गेला असता, तपासण्या जवळजवळ आल्या असत्या आणि त्या चार रात्री वाचल्या असत्या.

दोन आठवडे थांबणं

नवऱ्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं: बुटकेपणाच्या आजाराची शक्यता मला फार कमी वाटते. खात्री आज देता येणार नाही, दोन आठवड्यांनी बरीच देता येईल. त्यांनी विचारलं, “उद्या परत का नाही बघायचं?”

रास्त प्रश्न होता. पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास मांडीचं हाड आठवड्याला अडीच मिलिमीटर वाढतं. मोजण्यातली चूक मिलिमीटर-दीड मिलिमीटर. तीन-चार दिवसांनी मोजलं तर वाढ कुठली आणि चूक कुठली हे वेगळं करता येत नाही. कधी बाळ वाढलंच नाही असं वाटतं, कधी एकदम झेपावलं असं. वाढ पाहायला किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, तीन मिळाले तर उत्तम. डॉपलर मात्र आठवड्याने करायचं ठरलं, घरी रोज रक्तदाब मोजायचं ठरलं. गर्भजल तपासणी त्यांनी तूर्त नको म्हटली. विषाणूसंसर्गासाठी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही.

२७ आठवडे २ दिवस. मांडीचं हाड ४४.५, दोन आठवड्यांत पाच मिलिमीटर वाढ, म्हणजे अगदी वेळापत्रकाप्रमाणे. विसाव्या आठवड्यात फरक सहाचा होता, पंचविसाव्यात साडेसहाचा, आताही साडेसहाचाच. फरक वाढत नव्हता. हाडांच्या आजाराचा प्रश्न माझ्या मनात त्या दिवशी मिटला, आणि त्यांच्याशी बोलताना मी तसं स्पष्ट सांगितलं.

पोटाचा घेर मात्र २११. दोन आठवड्यांत २१ मिमी वाढायला हवा होता, वाढला १६. डोकं २५०, आपल्या वाटेने चाललेलं. मांडी आणि पोटाचं प्रमाण २० टक्क्यांवरून २१ वर. हे वाढतं प्रमाण दिलासा वाटावं असं दिसतं, पण ते हाड लांब झाल्याने वाढलेलं नव्हतं. पोट मागे पडल्याने वाढलं होतं. वजन ८२२ ग्रॅम, तिसऱ्या पर्सेंटाइलवर. नाळेतला पीआय आता पंच्याण्णव्याच्या वर. रक्तदाब १३६/८६.

हे सगळे पर्सेंटाइल मी एकाच तक्त्यावरून काढत होते, आणि तक्ता शेवटपर्यंत बदलला नाही. हॅडलॉक यांचा वजनाचा तक्ता अमेरिकेतल्या एका शहरातल्या, बहुतांश गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांवरून तयार झाला. २०१४ मध्ये आठ देशांतल्या निरोगी गर्भारपणांवरून इंटरग्रोथ या प्रकल्पाचे तक्ते आले, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे. कुठला वापरावा यावर वाद आहेत आणि ते होत राहतील. पण आज एक तक्ता, पुढच्या खेपेला दुसरा असं केलं की बाळ जागच्या जागी असताना पर्सेंटाइल खालीवर होतो. तारीख सरकवण्यासारखीच ही चूक.

पुढचे पाच आठवडे

२९ आठवडे ४ दिवसांना वजन १०३४ ग्रॅम, तिसऱ्याच्या खाली. रक्तदाब १४६/९४ आणि लघवीत प्रथिनं. प्रीएक्लाम्प्सिया. औषधं सुरू झाली. ३१ आठवड्यांना नाळेच्या प्रवाहात हृदयाच्या दोन ठोक्यांमधला भाग नाहीसा झाला. वारेतला अडथळा इतका वाढला की हृदय विसावतं तेव्हा रक्त पुढे सरकत नाही, असा त्याचा अर्थ. त्यांना दाखल करून घेतलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी बीटामेथासोनची दोन इंजेक्शनं चोवीस तासांच्या अंतराने दिली, रोज हृदयाच्या ठोक्यांचा आलेख आणि डक्टस व्हेनोसस या शिरेचा डॉपलर.

असा प्रवाह थांबला की ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती करावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. इथेही वय हाच कणा. सरकवलेली तारीख धरली असती तर त्या दिवशी बाळ तिसाव्या आठवड्याच्या आत समजलं गेलं असतं, आणि प्रत्येक निर्णय, थांबायचं की काढायचं, त्या खोट्या आकड्यावर झाला असता.

३२ आठवडे २ दिवसांना रक्तदाब १६४/११० वर गेला, डोकं दुखू लागलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं आणि सिझेरियन झालं. बाळ १२९० ग्रॅमचं. रडलं. काही दिवस नाकावाटे दाबाची हवा लागली, मग नळीने दूध, मग वाटी-चमच्याने. पाच आठवडे नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) गेले. वार लहान होती, जागोजागी रक्तपुरवठा तुटून पांढरट झालेले भाग होते. पॅथॉलॉजीच्या अहवालात आईकडचा रक्तपुरवठा अपुरा असल्याच्याच खुणा आल्या.

नवजात तज्ज्ञांनी बाळाचे हातपाय, डोकं, छाती मोजली. लहान, पण सगळं एकमेकांच्या प्रमाणात. हाडांचा एक्स-रे काढायची गरज त्यांना वाटली नाही. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास लांबी अजून तक्त्याच्या खालच्या भागात होती. पाय आखूड आणि धड लांब असं मात्र काही नव्हतं.

दोन वर्षांनी त्या परत आल्या, दुसऱ्यांदा गरोदर. या खेपेला बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन सुरू होतं. २० आठवडे ३ दिवसांना मी मांडीचं हाड आडवं मिळेपर्यंत थांबले, मोजलं, ३३ मिलिमीटर आलं. मग दोन्हीकडच्या गर्भाशयाच्या धमन्या पाहिल्या. प्रवाह मोकळा होता, खाच नव्हती. मी आकडे वाचून दाखवत होते. त्यांनी मधेच थांबवलं आणि रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“आधी हे सांगा डॉक्टर, तारीख बाराव्या आठवड्याचीच आहे ना?”